हाताच्या मापाने बेतलेली पेटी

दुपारची कामं उरकून रेडिओ लावून बसला असाल. हातात सुईदोरा असेल तर असू द्या, कारण आजच्या बोलण्यात शिवणकामही येणार आहे. आज आम्ही तुम्हाला एका पेटीबद्दल सांगणार आहोत. ही पेटी आमच्या गटाने आणि आपल्या रेडिओ केंद्रातल्या तंत्रज्ञ मुलाने मिळून तयार केली. तिला भाता नाही, पट्ट्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचा आवाजही नाही. तरी तिच्यावर भजन वाजतं. ते कसं, हे आज समजून घेऊ.

सुरुवात आमच्या भजनी मंडळातल्या आक्कांपासून करावी लागेल. आक्का तीसेक वर्षं मंडळात पेटी वाजवत होत्या. दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टी मशीनमध्ये त्यांचा उजवा हात गेला. हात वाचला, पण अंगठ्याशेजारचं आणि मधलं अशी दोन बोटं गेली. जखम भरली, आक्का पुन्हा गोठ्यात कामाला लागल्या, भाकऱ्या थापू लागल्या. पेटीला मात्र त्यांनी हात लावला नाही. मंडळात यायच्या, मागे बसून टाळ वाजवायच्या. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "पेटी पाच बोटांसाठी केलीय गं. तिला माझ्या हाताचं काय पडलंय?"

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. ब्लाउज अंगाला बसला नाही तर आपण अंगाला दोष देतो का? नाही. ब्लाउज उसवतो आणि पुन्हा बेततो. मग पेटी हाताला बसत नसेल तर पेटी का बेतता येऊ नये?

लाकडी पेटी बेतणं अवघड आहे. तिच्यात पट्टी आणि आवाज एकमेकांना बांधलेले असतात. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं, भात्याची हवा तिथून जाते आणि पितळी पात थरथरून सूर निघतो. पट्टीची जागा बदलायची तर सगळी पेटीच बदलावी लागेल. पण इलेक्ट्रॉनिक वाद्यात आवाज काढणारा भाग आणि बोटं ठेवायचा भाग वेगवेगळे ठेवता येतात. आपली पाण्याची मोटर आठवा. मोटर विहिरीत असते, स्टार्टर खोपीत असतो. स्टार्टर पाणी उपसत नाही, तो मोटरला फक्त सांगतो की चालू हो, बंद हो. वाद्याच्या अशा स्टार्टरला कंट्रोलर म्हणतात. आम्ही तयार केला तो कंट्रोलर. आवाज निघतो मोबाईलमधल्या पेटीच्या ॲपमधून.

आता प्रश्न येतो की कंट्रोलरने मोबाईलला सांगायचं कोणत्या भाषेत? ही भाषा चाळीस वर्षांपासून तयार आहे. तिचं नाव मिडी. त्याआधी एका कंपनीचं इलेक्ट्रॉनिक वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहजासहजी बोलू शकत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी या दोघांनी त्यासाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ॲनाहाइम इथल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरने जोडून दाखवले गेले. एकावर दाबलेला सूर दुसऱ्यावर वाजला. ही भाषा वापरायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणूनच ती जगभर पसरली आणि आज आपल्या हातातल्या मोबाईललाही ती समजते.

भाषा म्हटलं तरी त्यात अक्षरं नाहीत, नुसते आकडे आहेत. दूध डेअरीच्या पावतीवर सभासद क्रमांक, लिटर आणि फॅट असे आकडे असतात, आणि तेवढ्यावर सगळा व्यवहार कळतो. मिडीच्या निरोपातही असेच तीन आकडे असतात. पहिला आकडा सांगतो काय करायचं, सूर सुरू करायचा की थांबवायचा. दुसरा सांगतो कोणता सूर. तिसरा सांगतो किती जोरात. दुसरा आणि तिसरा आकडा ० ते १२७ यांच्या मधला असतो. पेटीवरच्या प्रत्येक पट्टीला असा एक नंबर आहे. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१, आणि असंच एकेक पुढे.

आक्का काळी चारमध्ये गातात. बायकांच्या आवाजासाठी त्यांचा सा येतो ५६ वर. सा कळला की बाकीचे सूर नुसत्या बेरजेने मिळतात. रे साठी २ मिळवा, ग साठी ४, म साठी ५, प साठी ७, ध साठी ९, नी साठी ११ आणि वरच्या सा साठी १२. म्हणजे आक्कांचा ग झाला ६० आणि प झाला ६३. उद्या दुसरी कुणी पांढरी पाचमध्ये गाणारी बसली, तर आठही सूर नव्याने लिहायची गरज नाही. सा चा एक आकडा ५६ चा ५५ केला की सगळं सप्तक एका पट्टीने खाली सरकतं. लाकडी पेटीवर पट्टी बदलली की बोटांची सगळी चाल बदलते. इथे बोटं तिथेच राहतात.

हा हिशोब करायला लागते ती चिप. चिप म्हटलं की आपल्याला खेळण्यातली गाणारी बाहुली आठवते. तिच्यातली चिप एकच गाणं म्हणते, कारण कारखान्यात तिच्यात तेवढंच भरलेलं असतं. आम्ही वापरलेली चिप कोऱ्या वहीसारखी असते. आपण कॉम्प्युटरवर सूचना लिहायच्या, वायर जोडून चिपमध्ये उतरवायच्या, आणि चुकलं तर पुसून पुन्हा लिहायच्या. वीज गेली तरी लिहिलेलं पुसलं जात नाही. अशा चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात.

पूर्वी हे काम इंजिनियर लोकांपुरतंच होतं. २००५ मध्ये उत्तर इटलीतल्या इव्रेया या गावातल्या एका डिझाइन संस्थेत शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक स्वस्त, सोपा बोर्ड तयार केला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही तो वापरता यावा, हा उद्देश होता. त्याचं नाव आर्डुइनो. त्याआधी त्याच संस्थेत शिकणाऱ्या हेर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने वायरिंग नावाची एक सोपी पद्धत तयार केली होती, आर्डुइनोचा पाया तिच्यावरच आहे. बोर्डाचा नकाशा त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यामुळे कुणीही तसा बोर्ड बनवू शकतं, आणि त्यामुळेच तो आपल्या खिशाला परवडतो. आम्ही त्याच कुळातला काडेपेटीहून लहान असा एक बोर्ड घेतला. त्यावरची चिप मोबाईलला जोडल्यावर स्वतःची ओळख "मी मिडीचं वाद्य आहे" अशी करून देऊ शकते. हे सगळ्याच बोर्डांना जमत नाही, म्हणून घेताना ही एक गोष्ट विचारून घ्यावी.

हाताला बेतलेलं वाद्य ही कल्पना आमची नाही, बरं का. लॅतिशिया सोनामी नावाची फ्रान्समध्ये जन्मलेली एक कलावती आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका महोत्सवासाठी तिने स्वयंपाकघरात भांडी घासताना घालतात ते रबरी हातमोजे घेतले. एका हाताच्या बोटांच्या टोकांना चुंबक ओळखणारे सेन्सर चिकटवले आणि दुसऱ्या हातावर चुंबक बसवलं. बोट चुंबकाजवळ नेलं की आवाज बदलायचा. त्या काळात कॉम्प्युटरला जोडायचे जड, महागडे हातमोजे निघाले होते, त्यांची ती थट्टाच होती. पुढे तिने तो हातमोजा सुधारत नेला आणि वर्षानुवर्षं त्यावर कार्यक्रम केले. अमेरिकेतल्या लिआ ब्यूकली यांनी तर शिवता येईल असाच बोर्ड तयार केला. २००७ मध्ये तो बाजारात आला, त्याचं नाव लिलीपॅड. फुलासारखा गोल, कडेला भोकं असलेला. वीज वाहून नेणाऱ्या दोऱ्याने तो कापडावर टाचायचा. तो दोराच वायरचं काम करतो.

हे ऐकल्यावर आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचे कान टवकारले. तोवर "हे पोरांचं काम" म्हणून त्या लांब बसल्या होत्या.

आता आमचं काम कसं झालं ते सांगतो. पहिली चूक आम्ही लगेचच केली. तंत्रज्ञ मुलाने आठ बटणं पेटीसारखी एका सरळ रांगेत बसवली. आक्कांनी हात ठेवला आणि तसाच काढून घेतला. उरलेली बोटं बटणांवर नीट पडतच नव्हती. म्हणजे आम्हीही हात सोडून पेटीकडेच बघत होतो.

मग आमच्यातल्या एकीने परातीत गव्हाचं पीठ पसरलं आणि आक्कांना सांगितलं, "दोन्ही हात सैल सोडून ठेवा. बोटं ताणू नका." पिठात जिथे बोटांचे ठसे उमटले तिथे आम्ही खुणा केल्या. डाव्या हाताची पाच, उजव्या हाताची तीन. बरोबर आठ! भाता ओढायचा नसल्याने डावा हात मोकळाच होता. डाव्या करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सा, रे, ग, म, प. उजव्या अंगठ्याला ध, अनामिकेला नी, करंगळीला वरचा सा. त्या खुणा आम्ही प्लास्टिकच्या मोठ्या डब्याच्या झाकणावर उतरवल्या, भोकं पाडली आणि बटणं बसवली.

कोमल सुरांचं काय करायचं? आणि भजन खालच्या सप्तकात उतरलं तर? हात तर भरलेले. आक्का मांडी घालून बसतात, म्हणजे गुडघे रिकामे. मग दोन छोट्या उशा शिवल्या. प्रत्येक उशीत डब्यात पोळी गुंडाळायच्या चांदीच्या कागदाचे दोन तुकडे, आणि मधे भोकं पाडलेला पातळ स्पंज. दाब पडला की भोकांमधून दोन्ही कागद एकमेकांना टेकतात आणि स्विच लागतो. दाब निघाला की स्पंज त्यांना पुन्हा दूर करतो. उजवा गुडघा दाबला की रे, ग, ध, नी एकेक आकड्याने खाली जाऊन कोमल होतात आणि म एकाने वर जाऊन तीव्र होतो. डावा गुडघा दाबला की सगळं १२ ने खाली, म्हणजे खालचं सप्तक.

बटणाची जोडणी सोपी आहे. बटणाची एक वायर चिपच्या एका पायाला जाते, दुसरी जमिनीच्या समान वायरला. फक्त एक काळजी घ्यायची. न दाबलेल्या बटणाचा पाय मोकळा राहिला तर तो कडी न लावलेल्या दारासारखा असतो. वाऱ्याने उघडतो, वाऱ्याने मिटतो, आणि चिपला उगाच वाटतं की बटण दाबलं. ही कडी चिपच्या आतच असते, सूचना लिहिताना ती लावायला सांगायची.

बटणं जोडली, मोबाईल जोडला आणि आक्कांनी सा दाबला. सा एकदा वाजायच्या ऐवजी तडतडून तीन-चारदा वाजला. बटण दाबलं की आतली पत्र्याची पट्टी क्षणभर थरथरते. आपल्याला ते कळत नाही, पण ही चिप सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांनी चालते. तिला प्रत्येक थरथर म्हणजे नवं दाबणं वाटतं. मग तिला सांगितलं की एकदा दाबलं की सेकंदाचा शंभरावा भाग थांब, आणि मगच पुन्हा बघ. तडतड थांबली.

दुसरी अडचण जास्त गमतीची होती. मधेच एखादा सूर अडकायचा, बोट उचललं तरी वाजतच राहायचा. पेटी तशी नसते, बोट उचललं की सूर थांबतो. दोन संध्याकाळी यातच गेल्या. शेवटी कारण सापडलं. आक्का ग दाबायच्या, तेव्हा ६० सुरू करायचा निरोप जायचा. बोट खाली असतानाच गुडघा दाबायच्या, ग कोमल व्हायचा. बोट उचललं की चिप ५९ बंद करायचा निरोप द्यायची. ५९ तर वाजतच नव्हता! ६० बिचारा तसाच चालू. मग चिपला सांगितलं, जो आकडा सुरू केलास तोच लक्षात ठेव आणि तोच बंद कर. बिशीत ज्या नावाने पैसे घेतले त्याच नावावर जमा करायचे, तसंच हे. शिवाय एक लाल बटण जादा लावलं, सगळे सूर एकदम बंद करणारं. मिडीत त्यासाठी १२३ हा आकडा ठरलेला आहे.

तिसरी अडचण उशिराची. आवाज मोठा यावा म्हणून आम्ही वायर नसलेला ब्लूटूथ स्पीकर लावला, तर बोट आधी आणि सूर मागून येऊ लागला. टाळाशी मेळ बसेना. स्पीकर वायरने जोडल्यावर फरक पडला. कंट्रोलर मोबाईलच्या चार्जिंगच्या जागी ओटीजी जोडणीने लागतो, म्हणून हेडफोनचं वेगळं भोक असलेला मोबाईल बरा पडतो.

खर्चाचं विचाराल तर मोबाईल आणि स्पीकर घरचेच होते, बाकी सगळं आम्हाला हजार रुपयांच्या आत पडलं. वायरी डाग देऊन पक्क्या करायचं काम मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून शिकून घेतलं. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे सगळं मोबाईलच्या पाच व्होल्ट विजेवर चालतं. भिंतीतल्या विजेची वायर याला कधीही, कुणीही जोडायची नाही.

आता या पेटीला काय जमत नाही तेही सांगायला हवं. भात्याचा श्वास हिच्यात नाही. लाकडी पेटीवर शब्द हळू झाला की भाता हळू होतो, सूर विरत जातो. आमच्या बटणाला दाबलं आणि सोडलं एवढंच कळतं. दाब ओळखणारे सेन्सर लावले तर ० ते १०२३ असा दाब मोजता येतो, त्याला आठने भागलं की मिडीचा ० ते १२७ आकडा मिळतो. ते अजून करायचं आहे. मोबाईलची बॅटरी संपली की भजन थांबतं. आणि मंडळातल्या काही जणींना हे पसंत नाही. एक मावशी स्पष्टच म्हणाल्या, "देवापुढं डब्याचं झाकण वाजवायचं का?" आम्ही वाद घातला नाही. लाकडी पेटी मंडळात आहेच, आक्कांची सून ती शिकते आहे.

आणि आक्का? पहिल्या दिवशी त्यांचा डावा हात सारखा भाता शोधायचा. तीस वर्षांची सवय ती. सा रे ग म शोधायला त्यांना महिना लागला, नवशिक्या पोरीसारख्या चुकायच्या आणि स्वतःवरच हसायच्या. गेल्या एकादशीला हरिपाठानंतर त्यांनी एक अभंग वाजवला. दोन ठिकाणी गुडघा चुकला आणि शुद्ध ग च्या जागी कोमल आला. अभंग संपल्यावर त्या आम्हाला म्हणाल्या, "ही उजवी उशी जरा बाहेर सरकवा. मला वाकडं बसावं लागतंय."

मैत्रिणींनो, आम्हाला कौतुकाच्या शब्दांपेक्षा ही तक्रार मोलाची वाटली. दोन वर्षांपूर्वी त्या म्हणत होत्या की पेटीला माझ्या हाताचं काय पडलंय. आता त्या पेटीलाच सांगतात की तू सरक.

तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी कुणी असेल. सांधे धरल्यामुळे पेटी सोडलेली, एका अंगाने अधू झालेली, किंवा जन्मापासूनच हाताने अधू असल्याने कधी वाद्याला हातच न लावलेली. गटाच्या पुढच्या बैठकीत तिची आठवण काढा. आधी बोर्ड आणायला धावू नका. आधी परातीत पीठ घ्या आणि तिला म्हणा, हात सैल सोडून ठेव. मग बघा, कोणती बोटं कुठे पडतात. बाकीचे आकडे चिप सांभाळते.

काही अडलं तर आपल्या केंद्रावर या, झाकण आणि उशा इथेच ठेवल्या आहेत, उघडून दाखवू. तोवर नमस्कार.